मागे सरायची रेघ

जर्मनीत आल्यावर जयंत सरांना थंडीचा धक्का बसला नाही. रविवारी सगळी दुकानं बंद असतात याचा बसला नाही, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसताना माणसं लाल दिव्यासमोर मुकाट उभी राहतात याचाही फारसा बसला नाही. बसला तो याचा, की मैदानावर पंच नव्हता.

"पंच कुठंय?" त्यांनी जावयाला विचारलं.

"पंच नसतो, बाबा. एवढ्या लहान मुलांच्या मॅचला इथे रेफरी ठेवत नाहीत. मुलंच ठरवतात."

"मुलंच?"

"गेनाऊ," गुरुदत्त म्हणाला. बारा वर्षं म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये काढल्यावर 'अगदी बरोबर' म्हणायचं असलं की त्याच्या तोंडून हाच शब्द निघायचा. "बॉल बाहेर गेला, हाताला लागला, कुणी पाडलं, सगळं आपसांत ठरवायचं. अगदीच अडलं तर ट्रेनर सांगतात. आणि आपण पालकांनी या दोरीच्या मागे राहायचं. खेळाबद्दल ओरडायचं नाही. टाळ्या चालतात."

सरांनी दोरीकडे बघितलं. मैदानाच्या कडेपासून चांगली पंधरा पावलं मागे, दोन खांबांना बांधलेली पांढरी दोरी. तिच्यामागे आईबाप खुर्च्या टाकून, थर्मासमधली कॉफी पीत बसलेले. लग्नाला आलेल्या वऱ्हाडानं मांडवात न शिरता रस्त्यावर बसावं, तसं ते दृश्य त्यांना वाटलं.

हे ज्याला वाटलं तो माणूस साधासुधा नव्हता, असं निदान त्याचं स्वतःचं तरी मत होतं. पुण्यातल्या महापालिकेच्या एका शाळेत चौतीस वर्षं पीटी शिकवलेली. तीस वर्षं कबड्डीचे पंच. आता वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, पण शिट्टी अजून पँटच्या उजव्या खिशात. विमानतळावर सुरक्षा तपासणीत ती ट्रेमध्ये काढून ठेवावी लागली तेव्हा कुणी दागिने मागितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. खेळाडू हा मुळात लबाड प्राणी असतो आणि पंचाची नजर हटली की तो पाय पुढे टाकणारच, हे त्यांचं तत्त्वज्ञान. "रेघ खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेतल्या पोरांनी त्यांचं नावच 'रेघवाले सर' पाडलं होतं. फक्की घेऊन मैदान आखायला ते शिपायाला कधी देत नसत. स्वतः वाकून आखत, आणि ती रेघ अशी सरळ येई की बघणाऱ्यानं बघत राहावं.

तीन महिन्यांच्या व्हिसावर ते एप्रिलमध्ये मुलीकडे आले होते. मुलगी शुभदा, वय चव्वेचाळीस, सॉफ्टवेअर तपासणारी. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळायचा. ती इथल्या क्लबमध्ये नऊदहा वर्षांच्या मुलांची फुटबॉलची ट्रेनर झाली आहे, हे सरांना फोनवर कळलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. शुभदानं जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता.

"झालं काय," गुरुदत्तनं त्यांना सांगितलं, "आधीचा ट्रेनर सोडून गेला. क्लबनं पालकांची मीटिंग बोलावली, तुमच्यापैकी कोण घेतं म्हणाले. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आणि हिनं केला हात वर. हिला हात वर करायची खोडच आहे, बाबा."

सर यावर हसले नाहीत. त्यांनी मफलर नीट केला आणि मैदानाकडे बघत राहिले.

त्या पहिल्या शनिवारी त्यांनी ती रेघ पाहिली. रेघ म्हणजे चुन्याची नव्हे. मैदानावर दोन्ही बाजूंना, गोल आणि मध्यरेषा यांच्या अधेमधे, शुभदानं पिवळ्या रबरी बशा ओळीनं मांडल्या होत्या. सरांची नात मुक्ता गोलात उभी होती. नऊ वर्षांची, हातात तिच्या पंजापेक्षा दीडपट मोठे मोजे. समोरच्या टीमनं बॉल मारला, तो मुक्तानं अडवला. आणि मग अशी गोष्ट झाली की सर खुर्चीतून अर्धे उठले. समोरची दांडगी पोरं, जी आत्ता तिच्या अंगावर धावून आली होती, ती सगळी वळली आणि मागे निघाली. कुणी शिट्टी वाजवली नाही, कुणी ओरडलं नाही. चालत चालत ती पिवळ्या बशांच्या पलीकडे गेली आणि तिथे उभी राहिली.

"हे मागे का गेले?"

"नियम आहे. इंग्रजीत बिल्ड-आउट लाइन म्हणतात. इथल्या आसपासच्या क्लबांनी आपसांत ठरवलाय," गुरुदत्तनं सांगितलं. "गोलकीपरच्या हातात बॉल आला की समोरच्यांनी त्या रेघेमागे जायचं. गोलकीपरनं बॉल आपल्या जवळच्या गड्याला द्यायचा. मध्यरेषेच्या पार उडवायचा नाही. पास त्या गड्याच्या पायाला लागला, की मग समोरचे धावू शकतात."

"म्हणजे त्यांनी थांबायचं? हिनं पास देईपर्यंत?"

"हो. म्हणजे मागून एकेक पास देत, विचार करत पुढे यायला शिकतात मुलं."

सर खाली बसले. कबड्डीच्या सगळ्या रेघा त्यांना झोपेतून उठवलं तरी मापासकट पाठ होत्या. मध्यरेषा ओलांडून शत्रूच्या अंगणात जायचं, निदानरेषा ओलांडल्याशिवाय परत यायचं नाही, अंतिम रेषेपलीकडे टाच टेकली की बाद. रेघ म्हणजे एक तर ओलांडायची किंवा जपायची. पण बळकटानं आपणहून मागे सरावं आणि दुबळ्याला एक श्वास घेऊ द्यावा, एवढ्यासाठी आखलेली रेघ त्यांनी एकाहत्तर वर्षांत पाहिली नव्हती. पंच नसताना पोरं ती पाळत होती, हे तर त्याहून अचाट. त्यांच्या मानेवर काटा आला. थंडी आहे म्हणून आला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

तो अचंबा फार टिकला नाही, कारण मुक्तानं बॉल शेजारच्या लाल केसांच्या पोराला दिला, पोरगा गोंधळला, समोरचे तुटून पडले, आणि गोल. पुन्हा तसंच, पुन्हा गोल. शुभदाची टीम नऊ-एकनं हरली.

बाकीचे ट्रेनर यातून पळवाट काढत. गोलकीपरनं बॉल शेजारच्याला द्यायचा आणि त्यानं डोळे मिटून तो पुढे भिरकावायचा. साप मेला आणि काठीही मोडली नाही. शुभदा ते करू देत नसे. तिच्या पोरांनी बॉल पायात घ्यायचा, मान वर करायची, बघायचं आणि मग द्यायचा. बॉल गेला तर गेला. गोल झाला तर ती दोरीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "नोखमाल!" म्हणजे, पुन्हा एकदा. रागानं नाही. आई मुलाला आणखी एक पोळी वाढू का विचारते, त्या स्वरात.

सहा शनिवार असेच गेले. सहाही सामने हरले. हौशी पालकांत कुजबुज सुरू झाली होती. सर रोज जेवताना विषय काढत.

"अगं, चढाई करणाऱ्याला आपण काय सांगतो? आधी जीव वाचवून परत ये. मग गुणांचं बघ."

"बाबा, त्यांना बॉलची भीती वाटायला नको. उडवून दिला की बॉल जातो, भीती इथेच राहते."

यावर सरांनी आमटी आळणी झाल्याचं सांगितलं.

मग जूनच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, मुक्तानं जेवणाच्या टेबलावर मोजे आणून ठेवले. ती घरात मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. त्या दिवशीही तिनं जर्मनमध्ये सांगितलं, पण सरांना कळलं. चेहऱ्यावरूनच कळलं. शनिवारचा सामना हंगामातला शेवटचा. त्यात पुन्हा तसेच गोल झाले तर ती परत गोलात उभी राहणार नाही, परत फुटबॉलला जाणारच नाही.

"नी वीडर," ती शेवटी म्हणाली. कधीच नाही.

शुभदानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू ठरव," एवढंच म्हणाली.

सरांचा घास हातातच राहिला. मैदान सोडणारी मुलगी त्यांच्या घरात याआधी एक झाली होती. शुभदा चौदा वर्षांची असताना त्यांच्याच शाळेच्या कबड्डीच्या संघात डावा कोपरा सांभाळायची. काय पोरगी होती! घोटा धरला की चढाई करणारी तिथेच बसायची. आणि एक दिवस तिनं खेळणं सोडलं. कुणी विचारलं तर सर सांगत, "दहावी होती. अभ्यासामुळे." तीस वर्षं ते हेच सांगत आले होते, आणि इतक्यांदा सांगितल्यावर माणसाला आपली थाप आपल्यालाच खरी वाटायला लागते. पण मुक्ताचे मोजे टेबलावर बघून त्यांना ते उत्तर घशाखाली उतरेना. ही गेली तर हीही कायमची जाणार. तिला काही करून मैदानावर ठेवायचं, हे त्यांनी त्या रात्री ठरवलं.

काही करून म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशी शुभदा ऑफिसला गेलेली बघून त्यांनी नातीला गाठलं. "हे बघ, तुला कळत नाही ना पास कुठे द्यायचा? मी सांगीन. दोरीमागून. 'डावीकडे' म्हटलं की डावीकडे, 'उजवीकडे' म्हटलं की उजवीकडे. मराठीत सांगीन. इथे कुणाला कळतंय?"

मुक्तानं थोडा विचार केला. मग तिनं हळूच मान हलवली. बुडत्याला काडीचा आधार.

शनिवारी ऊन कडक होतं. क्लबच्या इमारतीपाशी केकची टेबलं मांडली होती. समोरची टीम शेजारच्या गावची. त्यांच्यात सात नंबरची, दोन वेण्या घातलेली एक चपळ पोरगी होती. सावळी, बारीक. भारतीय असणार, केरळची वगैरे, असा सरांनी अंदाज बांधला आणि ते दोरीला पोट टेकवून उभे राहिले.

पहिल्यांदा मुक्ताच्या हातात बॉल आला. समोरचे रेघेमागे गेले. मुक्तानं आजोबांकडे बघितलं.

"डावीकडे!" सर गरजले. चौतीस वर्षं माईकशिवाय प्रार्थनेचा तास घेतलेला आवाज. शेजारच्या बाईंची कॉफी सांडली. पण मुक्तानं डावीकडे पास दिला, तिथला पोरगा मोकळा होता, बॉल पुढे गेला. दुसऱ्यांदाही तसंच. सरांची छाती फुगली. गुरुदत्त म्हणत होता, "बाबा, ओरडायचं नसतं, बाबा," पण त्याच्या तोंडाला कुलूप लावायला त्यांनी नुसती तर्जनी वर केली.

तिसऱ्यांदा त्यांनी "उजवीकडे!" म्हटलं, आणि सात नंबर पास निघायच्या क्षणीच उजवीकडे वळलेली दिसली. लाल केसांच्या पोराच्या पायाला बॉल लागतो न लागतो तोच ती त्याच्यापाशी होती. थोडक्यात गोल चुकला. योगायोग, सर म्हणाले. चौथ्यांदा "डावीकडे!" पोरगी डावीकडे. बॉल तिच्या पायात. गोल. पाचव्यांदा तेच, आणि दोन-शून्य.

दुसरा गोल केल्यावर पोरगी परत जाताना दोरीपाशी थांबली. तिनं कपाळावरचे केस मागे केले आणि स्वच्छ मराठीत, फक्त 'र' जरा घशातून काढत, म्हणाली, "आजोबा, मला सगळं कळतं."

आणि पळून गेली.

दोरीमागे कुणीतरी घसा खाकरला. चाळिशीतला एक गृहस्थ टोपी काढत पुढे आला. "सॉरी हां काका. ओवी माझी मुलगी. मी मयुरेश. आम्ही पण पुण्याचेच. कोथरूड."

"मग आधी सांगायचं नाही का!"

"इथे ओरडायचं नसतं ना, काका," मयुरेश नम्रपणे म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. सरांना खुर्चीत बसताही येईना आणि उभं राहताही येईना. मैदानावर मुक्ता जाळ्यातून बॉल काढत होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती. ते त्यांना फार लागलं.

मध्यंतराला शुभदा दोरीपाशी आली. सर तयारच होते, आता ही चार माणसांत बोलणार. ती बोलली, पण हळू.

"बाबा, तुम्ही सांगता तेव्हा ती तुमच्याकडे बघते. मग मैदानाकडे कोण बघणार?"

"अगं, तिला कळत नव्हतं, म्हणून मी..."

"कळेल. ते समोरचे मागे जाऊन उभे राहतात ना, तो वेळ तिचा असतो. तेवढा तरी तिला राहू दे."

एवढं बोलून ती मुलांकडे गेली. सर बघत होते. मुक्ता आईशी काही बोलली, मोजे काढून पुढे केले. शुभदा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. पण तिनं मोजे घेतले नाहीत. तिनं मुक्ताला गोलातून काढलं नाही, समजूत घालून परत ढकललंही नाही. मोजे आणि मुलगी यांच्यामध्ये तशीच बसून राहिली, घाई नसल्यासारखी. बऱ्याच वेळानं मुक्तानं मोजे पुन्हा चढवले. दोन गोल आपल्या चुकीनं खाल्लेल्या मुलीशी असंही बोलता येतं, हे सरांनी पाहिलं.

उत्तरार्धात ते एक शब्द बोलले नाहीत. अळीमिळी गुपचिळी. मुक्ता बॉल हातात आला की आधी चारही बाजूंना बघायची. कधी चुकायची. "नोखमाल!" पुन्हा बघायची. शुभदाच्या पोरांनी एक गोल केला. मग आणखी एक. दोन-दोन. शेवटची तीन मिनिटं उरली.

मुक्तानं बॉल अडवला. समोरचे पिवळ्या बशांमागे गेले. तिनं बॉल खाली ठेवला, मान वर केली, लाल केसांच्या पोराकडे बघितलं आणि पाय उचलला.

आणि सरांनी पाहिलं. तीस वर्षांची नजर होती ती. बॉलला मुक्ताचा पाय लागायच्या आत ओवीचा पाय बशांच्या अलीकडे पडला होता. एक पाऊल नाही, दोन पावलं. नियमाप्रमाणे पास त्या पोराला लागेपर्यंत तिनं हलायचंच नव्हतं. ती सुसाट आली, बॉल हिसकावला, गोल. समोरच्या पोरांनी तिला मिठ्या मारल्या. दोन्ही ट्रेनर पलीकडच्या कडेला होते, मधे पोरांची गर्दी, त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. दोरीमागे तर सगळे कॉफीत. मुक्ता गोलात गुडघ्यांवर बसली होती आणि दोन्ही हातांनी मोजे उपसत होती.

सरांचा हात खिशात गेला. शिट्टी ओठात आली. फुंकर मारायचा तेवढा अवकाश, सगळं मैदान थबकलं असतं. गुरुदत्तनं त्यांचं मनगट धरलं, "बाबा, नको!" आणि ते हात सोडवत होते तेवढ्यात मैदानावर ओवीनं मिठ्यांतून स्वतःला सोडवलं.

ती मधोमध उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

काहीतरी म्हणाली. जर्मनमध्ये. पोरं गप्प झाली.

"काय म्हणाली?" सरांनी शिट्टी ओठात तशीच ठेवून विचारलं.

"म्हणाली, मी आधीच निघाले होते," गुरुदत्तचा आवाज बदलला होता. "गोल धरायचा नाही म्हणाली."

सर आता मैदानाकडे बघत नव्हते. ते त्या मुलीच्या बापाकडे बघत होते. त्यांना ठाऊक होतं आता काय होणार. शेवटची तीन मिनिटं, जिंकलेला सामना, आणि पोरीनं आपल्या हातानं घालवलेला. आता बाप लाल होणार. आता तो म्हणणार, तुला कुणी विचारलं होतं? पंचाचं काम पंचाला करू दे! हे वाक्य त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं, कारण ते त्यांचंच होतं.

मयुरेशनं टाळी वाजवली. "ब्राव्हो, ओवी," तो म्हणाला आणि पुन्हा कॉफी प्यायला लागला. तिच्या ट्रेनरनं अंगठा वर केला. तिच्या टीममधला एक पोरगा जरा कुरकुरला, मग तोही वळला. सगळे पुन्हा पिवळ्या बशांच्या मागे जाऊन उभे राहिले, ओवी त्यांच्यात, आणि बॉल मुक्ताकडे परत आला.

सरांच्या ओठातून शिट्टी गळून पडली. ती उचलायला ते वाकले नाहीत.

पुढचं जे झालं ते सांगून कुणाला पटणार नाही, कारण त्यात तसं काहीच झालं नाही. मुक्ता उठली. मोजे घट्ट केले. बॉल पायाशी घेऊन उभी राहिली, आणि अख्खं मैदान तिच्यासाठी थांबलं. सात दांडगी पोरं, रेघेमागे, श्वास रोखून. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, दोरीकडे मात्र एकदाही नाही. लाल केसांच्या पोराला पास दिला. समोरचे सुटले. पोरानं घाबरून तो तिलाच परत दिला, आणि तिनं उडवला नाही. ओवी धावून येत असताना त्या नऊ वर्षांच्या मुलीनं बॉलवर पायाचा तळवा ठेवला, एक क्षण थांबली, आणि तिच्या बाजूनं हलकेच दुसऱ्या पोराकडे सरकवला. तिथून मधे. मधून कडेला. सात पास, आठ पास. पोरं मान वर करून, बघून, देत होती. मागून सुरू झालेला बॉल असा पुढे गेला की सरांना आपण उभे आहोत याचं भान राहिलं नाही. शेवटचा फटका खांबाला लागून बाहेर गेला.

गोल नाही. दोन-दोन. सामना संपला. पण दोरीमागे दोन्ही टीमची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि जयंत सर, ज्यांनी जन्मात खेळाडूसाठी टाळी वाजवली नव्हती कारण पंचानं वाजवायची नसते, ते रडत रडत टाळ्या वाजवत होते.

मुक्ता धावत आली. घामानं लाल झालेली. आजोबांसमोर थांबली, खाली पडलेली शिट्टी उचलून त्यांच्या हातात दिली आणि आईकडे वळून तिनं जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

"विचारतेय, सुट्टीतही मंगळवारी प्रॅक्टिस ठेवणार का," गुरुदत्त म्हणाला.

माणसं पांगली. मुलं केकच्या टेबलाकडे गेली. ओवी आणि मुक्ता एकाच पुठ्ठ्याच्या थाळीतून खात होत्या. शुभदा एकटी मैदानात वाकून पिवळ्या बशा गोळा करत होती. सर दोरीखालून वाकून आत गेले, कुरकुरत्या गुडघ्यांनी, आणि दुसऱ्या टोकाकडून बशा उचलू लागले. मधे दोघांची गाठ पडली.

"शुभदा," ते म्हणाले. "ती फायनल."

कुठली, असं तिनं विचारलं नाही.

"शेवटची चढाई. बरोबरी होती. मागे सरताना तुझी टाच रेघेबाहेर टेकली, आणि तू हात वर करून बाहेर गेलीस. पंचाला काही दिसलं नव्हतं."

"हो."

"एका गुणानं गेला कप. आणि मी सगळ्या शाळेसमोर तुला म्हणालो..." त्यांना ते वाक्य पुन्हा उच्चारता येईना. "ते जाऊ दे. त्याच्यापेक्षा वाईट एक आहे. मी तुझ्या कोपऱ्याच्या मागेच बसलो होतो. तुझी टाच लागलेली मला दिसली होती. मी, पंच असलेला माणूस, गप्प बसलो होतो."

शुभदानं हातातल्या बशा एकात एक नीट बसवल्या.

"माहितेय, बाबा," ती म्हणाली. "टाच लागल्यावर मी आधी तुमच्याकडेच बघितलं होतं. तुम्हाला दिसली, म्हणून तर मी हात वर केला. मला वाटलं, तुम्हाला तेच हवं असेल."

सरांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"चुकलं माझं, बाळ," ते म्हणाले. तीस वर्षं लागली तेवढ्याला.

शुभदानं डोळे पुसले, त्यांच्या हातातल्या बशा घेतल्या आणि मैदानाच्या कडेकडे बोट दाखवलं. "तिथे कोपऱ्यात एक राहिलीय, बाबा."

सर ती आणायला गेले.